भिंतीपुढचे चौदा फोटो

लोकांचे मुरुम पुसणं हा माझा धंदा आहे. मुरुम, वांग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालावरची जुनी खूण, कॉलरचा मळ. राहनाळला आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर माझा फोटो स्टुडिओ आहे. आजूबाजूला सगळी गोदामं. गोदामात कामाला लागायचं तर ओळखपत्र लागतं, ओळखपत्राला फोटो लागतो, म्हणून माझं दुकान चालतं. मी मेली काही कलाकार वगैरे नाही. पण टचिंगमध्ये माझा हात धरणारी बाई अख्ख्या भिवंडीत सापडायची नाही, हे मी तोंड वर करून सांगते.

ज्यांच्याकडे मी शिकले ते म्हातारे फोटोग्राफर दोन गोष्टी बजावून सांगायचे. मूळ फोटो गिऱ्हाइकाला दाखवायचा नाही, आणि मूळ फोटो ठेवायचाही नाही. दोन्ही फोटो शेजारी शेजारी दिसले की माणूस खट्टू होतो, नाहीतर भांडतो. म्हणून टचिंग झालं की त्याच फोटोवर सेव्ह करायचं, कॅमेऱ्यातलं कार्ड पुसायचं, विषय संपला. वीस वर्षं मी हेच करत आले. यात कुणाचं काही वाईट होईल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बिल्डिंग माझ्या दिराने बांधली. आमचं भाताचं शेत होतं तिथेच. वरच्या तीन मजल्यांवर एकेका खोलीच्या रांगा, पुढे गॅलरी, आणि खोल्यांमधून गोदामात काम करणारी पोरं-पोरी. कुणी वाडा तालुक्याकडचं, कुणी जालन्याचं, कुणी थेट आझमगडचं. वीस-बावीसच्या पुढे कुणी नाही. शिफ्टवरून येतात, आंघोळ करतात, मोबाइल बघत झोपतात. आम्ही घरची माणसं मागच्या जुन्या घरात राहतो. यंदा संक्रांतीनंतर दिराने वर चौथा मजला चढवायला घेतला. गावात सगळेच चढवतात. नवऱ्याला मी म्हटलं, पाया तीन मजल्यांचा होता ना? तर तो म्हणाला, भावाला विचार. माझा नवरा भावापुढे तोंड उघडत नाही, लग्न झाल्यापासून बघतेय.

होळीच्या आसपास तिसऱ्या मजल्यावरची एक मुलगी दुकानात आली आणि काउंटरवर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. ही वाड्याकडची, दापोड्याच्या गोदामात परत आलेला माल निवडायचं काम करायची. पुस्तकाचा कोपरा चेपला होता, म्हणून ते भंगारात निघालं होतं. सुपरवायझरला विचारून तिने ते उचललं आणि थेट माझ्याकडे आणलं, कारण त्यात नुसते फोटो होते.

कुणा चिनी फोटोग्राफरचं पुस्तक होतं. त्याचं नाव मला वाचता येत नाही, अक्षरंच कळत नाहीत. मागे थोडं इंग्रजी होतं, त्यावरून एवढं समजलं की माणूस आत्ताचाच आहे आणि तो फक्त तरुण पोरांचे फोटो काढतो. पानोपानी पोरं-पोरी. कुणी हॉस्टेलच्या खाटेवर बसलेलं, कुणी कारखान्याच्या कपड्यात, कुणी गच्चीवर, कुणी भिंतीला टेकून. हसणारं एकही नाही. सगळी सरळ आपल्याकडे बघतात. चाळता चाळता मला मान वळवून मागे बघावंसं वाटलं, जणू ती माझ्याकडे नाही, माझ्या पाठीमागे काहीतरी बघत होती. खरं सांगते, अंगावर काटा आला.

आणि दुसरं म्हणजे मला राग आला. पोरांच्या कपाळावर पुटकुळ्या तशाच. एकीच्या ओठावर तापाचा फोड आलेला, तो तसाच. मागे भिंतीचे पोपडे, ओल, लोंबणारी वायर, सगळं तसंच. मी त्या मुलीला म्हटलं, एवढा मोठा फोटोग्राफर, पुस्तक छापून आलंय, आणि साधी भिंत साफ करता येत नाही याला? ती हसली. मग म्हणाली, "काकी, माझा असा काढाल? काहीच पुसू नका. माझी खूणपण ठेवा." तिच्या डाव्या भुवईवर लहानपणी पडल्याची खूण होती. ओळखपत्राच्या फोटोत ती मीच पुसली होती, न विचारता.

दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या टोकाला एक भिंत आहे. तिच्या पलीकडे नुसतं उघडं, तिथेच आमच्या जागेची हद्द संपते. सकाळी दहाच्या सुमाराला तिथे छान मऊ उजेड येतो. भिंतीला पोपटी रंग. मी मुलीला तिथे उभी केली, तिच्या पायांशी खडूने रेघ मारली, हसू नकोस म्हटलं आणि फोटो काढला. तिने हट्टच धरला म्हणून त्याच दिवशी कॅमेऱ्यातून थेट मोठी प्रिंट काढून दिली. काही पुसलं नाही. तिने ती आईसाठी गावी पाठवली.

संध्याकाळी तोच फोटो दुकानाच्या काचेत लावायला घेतला, तर मुलीच्या कानापासून वर गेलेली केसाएवढी एक चीर भिंतीवर दिसली. खूण राहू दे, पण भिंत तरी नीट दिसू दे म्हणून मी ती पुसली. दोन मिनिटांचं काम. पुसून सेव्ह केलं.

काचेतला फोटो बघून बाकीची पोरं मागे लागली. मग दर पंधरा दिवसांनी, ज्याची सुट्टी असेल तो, असं सुरूच झालं. तीच भिंत, तीच खडूची रेघ, तसंच न हसता उभं राहायचं. मला त्यात मजा येऊ लागली, खोटं कशाला बोलू. त्या चिनी माणसाचं पुस्तक मी काउंटरखाली ठेवत असे आणि गिऱ्हाईक नसलं की बघत बसे. दसऱ्यापर्यंत चौदा जणांचे फोटो झाले. सगळे काचेत लावले आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरही टाकले. दीर कौतुकाने म्हणाला, वयनी, आपली पोरं एकदम पिक्चरमधली दिसतात.

आणि प्रत्येक फोटोत मी ती चीर पुसत होते. आता विचार करते तेव्हा मला माझेच हात दिसतात. दुसऱ्या फोटोत ती खांद्यापर्यंत उतरली होती. पाचव्यात तिला फाटा फुटला. आठव्या-नवव्याला तिच्यात चार आण्याचं नाणं उभं राहिलं असतं, आणि पुसायला मला अर्धा तास लागला. मी चिडले. कशावर चिडले? भिंतीवर, की मेली माझं काम वाढवते. दिराला सांगून पुट्टी भरून घेतली. पुढच्या फोटोत पुट्टीच्या मधोमध पुन्हा चीर. मी पुन्हा पुसली. डोळ्यांनी बघत होते, हाताने पुसत होते आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. एवढी कशी मी मठ्ठ?

वर चौथ्या मजल्याचा स्लॅब भरला आणि दारं अडकायला लागली. आधी तिसऱ्या मजल्यावरची, मग दुसऱ्या. पोरं लाथ मारून दार लावायची. रस्त्यावरून कंटेनर गेला की माझ्या दुकानातल्या फ्रेमा खुळखुळायच्या. त्या पूर्वीही खुळखुळायच्या, पण आता कंटेनर गेल्यावरही थोडा वेळ खुळखुळत राहायच्या. मी त्यांच्या मागे पुठ्ठ्याचे तुकडे खोचले.

शेवटी ती वाड्याची मुलगीच बोलली. दसऱ्यानंतरच्या एका सकाळी सगळ्यांना घेऊन ती खाली आली. दीर माझ्या दुकानात चहा पीत होता. तिने नीट, आवाज न चढवता सांगितलं की तिच्या खोलीचं दार आता लागतच नाही, गॅलरीची चीर वाढतेय, चौथ्या मजल्याचं काम थांबवा आणि कुणातरी इंजिनिअरला बोलवा. दीर म्हणाला, अगं ती चीर पहिल्यापासूनची हाय, प्लास्टर तडकतंच, एवढीच होती आणि एवढीच हाय. तो ओरडला नाही. तो ओरडणारा माणूसच नाही. माझ्या बाळंतपणात रिक्षा मिळेना तेव्हा यानेच मला टेम्पोत घालून दवाखान्यात नेलं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मुलगी म्हणाली, "वाढलीय की नाही ते काकींच्या फोटोत दिसेल. होळीपासूनचे चौदा फोटो हायत, एकाच भिंतीपुढचे."

सगळी माझ्याकडे वळली. आणि मी वेडी, अभिमानाने कॉम्प्युटर चालू केला. फोल्डर उघडेपर्यंत मला आठवलंच नाही. मग पहिला फोटो उघडला, दुसरा उघडला, भराभर सगळे उघडले. चौदाच्या चौदा फोटोंत भिंत अशी स्वच्छ, जणू कालच रंग दिलाय. एक रेघ नाही. पोरं तेवढी सरळ माझ्याकडे बघत होती, स्क्रीनवरची आणि स्क्रीनपुढची, दोन्ही.

मी म्हटलं, मी पुसलीय. चीर होती, मीच पुसलीय प्रत्येक वेळी. दिराने कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "वयनी, पुसली म्हणता, तर किती होती ते दाखवा. फोटोत तर काय न्हाय." दाखवणार काय? मूळ फोटो ठेवायचा नाही, ही माझी शिकवण. कार्ड कधीच पुसलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आझमगडचा पोरगा काचेतला स्वतःचा फोटो काढून घेऊन गेला. मला ते थोबाडीत मारल्यासारखं लागलं. दीर उरलेला चहा पिऊन उठला आणि जाताना म्हणाला की दिवाळीत सगळ्यांना नवा रंग लावून देतो.

मुलगी मात्र थांबली. तिने सांगितलं, तिची प्रिंट गावी आईकडे आहे आणि त्यात काही पुसलेलं नाही. दुसऱ्या दिवशी ड्युटी बुडवून ती वाड्याला गेली आणि संध्याकाळच्या गाडीने परत आली. तो अख्खा दिवस मी दुकानात बसून छताकडे बघत होते. एक जरी पोरगं वर झोपलेलं असताना काही झालं असतं, तर ते माझ्या हातून झालं असतं, हे मला त्या दिवशी स्पष्ट कळलं. त्या चिनी माणसाने भिंतीचे पोपडे का ठेवले, तेही कळलं. त्याला साफ करता येत नव्हतं असं नाही. त्याने पुसलं नाही, एवढंच. कळायला मला सात महिने लागले.

प्रिंट आणल्यावर मी ती घेऊन वर गेले आणि भिंतीशी धरली. सगळी पोरं मागे उभी होती. होळीला तिच्या कानाजवळून केसाएवढी चीर निघाली होती. आता तिथेच माझी दोन बोटं पेरापर्यंत आत गेली. आठवड्याभरात बिल्डिंग रिकामी झाली. कुणी कोन गावात खोली घेतली, कुणी दापोड्याला गोदामाजवळ. मी दिरासमोर सांगितलं की मीच त्यांना जायला सांगितलंय. तो माझ्याशी बोलेनासा झाला. नवरा म्हणाला, तुला काय गरज होती? मी त्याला जेवायला वाढलं. बिल्डिंग तपासा म्हणून ग्रामपंचायतीच्या ऑफिसात अर्जही देऊन आले, शिक्का मारून घेतला. पाहणीला माणूस येईल म्हणाले. अजून यायचा आहे.

जाताना मुलीने प्रिंट माझ्याकडेच दिली. हिच्यावरून आईला दुसरी काढून द्या म्हणाली, ही तुमच्याकडे असू द्या.

मला वाटलं, झालं, सुटले. पण दिराने दिवाळीला शब्द पाळला. चीर पुट्टीने बुजवली, भिंतीला नवा रंग दिला, गुलाबी. चौथ्या मजल्याला खिडक्या बसवल्या. आणि देवदिवाळीनंतर एका दुपारी एक मुलगी पाठीवर बॅग, हातात बादली घेऊन माझ्या दुकानाच्या दारात उभी राहिली. नाशिककडची असावी, एकोणीस-वीसची. मोबाइल पुढे करून म्हणाली, ताई, ही बिल्डिंग कुठे आली?

मोबाइलवर माझा फोटो होता. म्हणजे मी काढलेला, जालन्याच्या पोराचा, पोपटी भिंतीपुढचा. खाली लिहिलं होतं, खोल्या भाड्याने, मजबूत बांधकाम, मुलामुलींसाठी वेगळी सोय. त्याच्या खाली आणखी दोन माझेच फोटो. ग्रुपवरून उचललेले. दिराला दुसरा फोटो काढायचीही गरज पडली नव्हती. मी इतकी छान भिंत त्याला आयती करून दिली होती.

माझ्या तोंडातून शिवी गेली. मुलगी दचकली. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं आणि काउंटरखालून ती प्रिंट काढून तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, ही बघ खरी भिंत. नीट बघ.

तिने नीट बघितली. बराच वेळ बघितली. मग म्हणाली, "फोटो खूप भारी आहे, ताई. फक्त मागची ती रेघ तेवढी साफ करायला हवी होती."

मी तिच्यावर काय रागावणार? तिला हे मीच शिकवलंय, मी आणि माझ्यासारख्या सगळ्यांनी. फोटो कापायची कैची उचलली, तिचा हात धरला आणि तिला दुसऱ्या मजल्यावर नेलं. गुलाबी भिंतीवर कैचीच्या टोकाने पुट्टी उकरली. ती खरवडावी लागलीच नाही, ढासळून पायाशी पडली. मी म्हटलं, घाल हात. ती माझ्याकडे बघत राहिली. घाल गं, म्हटलं. तिने बोटं घातली, मग पंजा. मनगटापर्यंत गेल्यावर तिने हात ओढून घेतला आणि ओढणीला पुसला. तिला म्हटलं, आता तुझं तू ठरव. खाली येऊन तिने बॅग उचलली, बादली माझ्याकडेच विसरली आणि निघून गेली.

आता माझं तेच काम झालंय. बॅग घेऊन जो येईल त्याला आधी वर न्यायचं आणि भिंतीत हात घालायला लावायचा. दीर पुट्टी भरतो, मी उकरते. आमच्यात बोलणं नाही, हेच चाललंय. मला त्याचा राग येतो आणि त्याची दयाही येते, कारण त्याच्या डोळ्यांतली झोप उडालीय, ते मला दिसतं. दुकान मी अजून हलवलेलं नाही. मी गेले तर दारात येणाऱ्याला कोण सांगेल? फ्रेमा मात्र भिंतीवरून उतरवून ठेवल्यात. पुस्तकही घरी नेलं.

काल दुपारी चारच्या सुमाराला जालन्याकडच्या दोन मुली आल्या. मी नेहमीसारखं त्यांना वर नेलं, कैचीने उकरलं. त्या घाबरल्या, पुढे होईनात. म्हणून त्यांना दाखवायला मी माझाच हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं. मग हात कुठे अडलाच नाही. पलीकडे माझ्या बोटांना बाहेरचं ऊन लागलं.